बैल मिळेल, गोठ्याचे काय?

नोव्हेंबर २०२५च्या मध्यास चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या आवारात 'गेल'च्या मुख्य वायुवाहिनीस हानी पोहोचली आणि महानगर गॅसच्या वडाळा केंद्राकडे येणारा पुरवठा विस्कळीत झाला. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक सीएनजी पंप त्यामुळे बंद पडले. जे चालू राहिले त्यांच्यासमोर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या. रिक्षा-टॅक्सीचालकांचे आणि प्रवाशांचे हाल वृत्तपत्रांनी छापले, ते योग्यच झाले. पण त्याच रांगांत आणखी एक वर्ग उभा होता, ज्याची दखल सहसा कोणी घेत नाही. नळदुरुस्ती करणारा, वायरिंगची कामे घेणारा, दारे-खिडक्या बसविणारा सुतार, रंगारी, मंडपवाला, पहाटे दूध-पाव पोहोचविणारा टेम्पोवाला असा हा वर्ग. त्याची व्हॅन म्हणजे त्याचे दुकान, त्याची हत्यारांची पेटी आणि बहुधा त्याच्या नावावरचे एकमेव कर्ज. ती दोन दिवस उभी राहिली तर दोन दिवसांची चूल अडते.

हा प्रसंग देवनारपासून हाकेच्या अंतरावर घडला, आणि या विचाराला देवनारइतके साजेसे दुसरे ठिकाण मुंबईत क्वचितच सापडेल. देवनार म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर १९२७पासून शहराचा कचरा पोटात घेणारी कचराभूमी येते. २०१६च्या जानेवारीत तिला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस अवघ्या पूर्व उपनगरावर पसरला होता, ही आठवण अजून ताजी आहे. पण देवनार म्हणजे केवळ कचरा नव्हे. एका बाजूला टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांसारखी विद्यापीठे, दुसऱ्या बाजूला चेंबूरच्या दिशेने वाढत चाललेल्या उंच इमारती, आणि तिसऱ्या बाजूला गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द या श्रमिकांच्या दाट वस्त्या. त्या इमारतींतील नळ, दिवे, फर्निचर आणि रंगकाम ज्या हातांनी होते, ते हात बहुतांशी या वस्त्यांत राहतात. शीव-पनवेल महामार्ग, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता आणि पूर्व मुक्त मार्ग या तिन्ही वाटा येथून जवळ असल्याने या कारागिरांचा वावर मुलुंडपासून कुलाब्यापर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-पनवेलपर्यंत असतो. शहर चालते ठेवणारा हा माणूस शहराचा धूर मात्र सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त श्वासात घेतो.

म्हणूनच विजेवर चालणारी व्हॅन या कारागिराला परवडेल काय, हा प्रश्न केवळ वाहन-बाजाराचा उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेच्या सुनावणीत पेट्रोल-डिझेलवरील वाहने टप्प्याटप्प्याने बाद करण्याचा विचार व्हावा, असे सुचविले. त्यानंतर महानगर प्रदेशात केवळ सीएनजी व विजेवरील वाहनांनाच मुभा देणे कितपत शक्य आहे, हे तपासण्यासाठी राज्य शासनाने सेवानिवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दिशा स्पष्ट आहे. आज जे ऐच्छिक आहे ते उद्या सक्तीचे होऊ शकते. सक्ती येण्यापूर्वी हिशेब मांडून ठेवणे, हेच शहाणपण.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस धुराने त्रस्त झालेल्या नागरिकांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, १९९९ मध्ये लाल समिती नेमली गेली आणि न्यायालयाच्या आदेशांनुसार जुन्या टॅक्सींना सीएनजीची वाट धरावी लागली. निर्णय योग्य होता आणि शहराच्या हवेला त्याचा लाभही झाला. पण आदेश आधी आला आणि पंप मागाहून वाढले. मधली वर्षे टॅक्सीवाल्याने पंपापुढच्या रांगेत काढली. त्या रांगेत गेलेल्या तासांची भरपाई त्याला कोणी दिली नाही. सुधारणेचे श्रेय शहराने घेतले, किंमत मात्र चालकाने मोजली. विजेच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा गिरवला जाणार काय, हा खरा प्रश्न आहे.

विजेवरील वाहनाबद्दलचे कुतूहल मुंबईला असण्याचे कारण नाही. या शहरात ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि ती १९६४पर्यंत धावली. १९६२ ते १९७१ या काळात विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबसही येथे होती. 'बेस्ट'ने २०१७ मध्ये बॅटरीवरील पहिल्या बस रस्त्यावर आणल्या आणि २०२३ मध्ये विजेवरील वातानुकूलित दुमजली बसही आली. लहान मालवाहू वाहनांतही आता पर्याय आहेत. महिंद्राची तीनचाकी 'ट्रिओ झोर' २०२० मध्ये आली, ती सुमारे साडेपाचशे किलो माल वाहते. ज्याला सारा महाराष्ट्र 'छोटा हाथी' म्हणून ओळखतो त्या टाटा एसची विजेवरील आवृत्ती मे २०२२ मध्ये जाहीर झाली. तिच्या पहिल्या गाड्या २०२३ मध्ये गेल्या त्या मात्र मोठ्या ई-वाणिज्य आणि कुरियर कंपन्यांकडे. २०२४ मध्ये महिंद्राची चारचाकी 'झिओ' आली आणि जून २०२५ मध्ये टाटांची 'एस प्रो' आली. वाहन नाही, ही तक्रार आता करता येणार नाही.

या शेवटच्या गाडीमुळे हिशेब मांडणेही सोपे झाले आहे, कारण एकच गाडी तीन इंधनांत मिळते. बाजारात येताना तिची शोरूम किंमत पेट्रोलवर ३ लाख ९९ हजार, सीएनजी व पेट्रोल अशा दुहेरी इंधनावर ४ लाख ९९ हजार आणि विजेवर ६ लाख ५० हजार रुपये अशी जाहीर झाली होती. म्हणजे सीएनजीवरून विजेवर जायचे तर सुमारे दीड लाख रुपये अधिक मोजायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये इंधनावरील मालवाहू वाहनांचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेवरील वाहनांवर तो २०१९पासून ५ टक्केच आहे. कर-कपात स्वागतार्ह असली तरी त्यामुळे दोहोंमधील अंतर वाढले, कमी झाले नाही, हे नोंदवायला हवे. तूर्त दीड लाखाचाच आकडा धरून चालू.

हे दीड लाख वसूल कसे होतात? समजा, देवनारचा एखादा वायरमन वर्षातले तीनशे दिवस रोज ६० किलोमीटर फिरतो. माल भरलेली लहान गाडी शहराच्या गर्दीत एक किलो सीएनजीवर २० किलोमीटर जाते असे धरले, तर त्याला रोज तीन किलो गॅस लागतो. २०२५ मध्ये मुंबईत सीएनजी किलोला ८० रुपयांच्या आसपास होता. म्हणजे रोजचे २४० रुपये. विजेच्या गाडीची बॅटरी १४.४ युनिटची आहे आणि एका भारणात १५५ किलोमीटर असा तिचा प्रमाणित पल्ला सांगितला जातो. प्रमाणित पल्ला हा प्रयोगशाळेतला असतो. भार, चढ, उन्हाळा आणि वाहतूककोंडी धरून युनिटमागे सहाच किलोमीटर मानणे सुरक्षित. त्या हिशेबाने ६० किलोमीटरला दहा युनिटे आणि भारणातील गळती धरून बारा युनिटे लागतील. घरच्या मीटरवर युनिटला दहा रुपये पडले तर खर्च १२० रुपये. रोज १२० रुपये वाचले, म्हणजे वर्षाला ३६ हजार.

आता याच गाडीवाल्याला घरी भारणाची सोय नाही असे समजू. तो सार्वजनिक केंद्रावर गेला आणि तेथे वीज, जागा, यंत्र आणि सेवाशुल्क मिळून युनिटला वीस रुपये पडले, तर बारा युनिटांचे २४० रुपये होतात. सीएनजीचेही २४०च. बचत शून्य! दीड लाख रुपये अधिक मोजून हाती काय आले, तर एक रांग सोडून दुसरी रांग.

या दोन आकड्यांत संपूर्ण प्रश्नाचे सार आहे. गाडी तीच, चालक तोच, रस्ता तोच. फरक एवढाच की एकाची गाडी रात्री भिंतीतल्या खटक्याजवळ उभी राहते आणि दुसऱ्याची रस्त्याच्या कडेला. शेतकऱ्याच्या घरी बैल यायचा असला की आधी गोठा, खुंटा आणि वैरणीची तजवीज केली जाते. गोठ्याविना बैल घेणाऱ्याला गावात कोणी शहाणे म्हणत नाही. शहरातील धोरणांनी मात्र बैलाच्या किमतीवर वर्षानुवर्षे चर्चा केली आणि गोठ्याचा विचार बहुधा बंगल्यात व मोठ्या संकुलात राहणाऱ्यांपुरताच केला.

देवनार-गोवंडीचे चित्र पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. वस्तीतल्या गल्लीत गाडी शिरत नाही. जेथे ती उभी राहते तेथून घर शे-दोनशे पावलांवर असते. घरच्या मीटरचा मंजूर भार पंखा, दिवे, टीव्ही आणि फ्रिज यांपुरता असतो. अशा वेळी खिडकीतून वायर काढून, गटारावरून नेऊन गाडीला जोडण्याचा मोह होतो. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात पडलेली अशी वायर म्हणजे गल्लीतल्या मुलांच्या जिवाशी खेळ आहे. पुनर्वसन इमारतीत राहायला गेलेल्याची स्थिती फार वेगळी नाही. तेथे उद्वाहनाचे वीजबिल भरताना समितीची दमछाक होते, मग भारण-खटके कोण बसविणार? मध्यमवर्गीय सोसायट्यांत रहिवाशांच्या मोटारींना जागा पुरत नाही आणि मालवाहू वाहनांना फाटकातच मज्जाव असतो. नव्या इमारतींतील वाहनतळाच्या काही भागात भारण-व्यवस्था असावी, अशी दुरुस्ती केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधीत सुचविली. पण सुताराची व्हॅन त्या वाहनतळात उभी राहील अशी व्यवस्था कोणत्याही उपविधीने केलेली नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करून चालणार नाही. दिवसाला ३० किलोमीटरच फिरणाऱ्या प्लंबरची बचत घरी भारण करूनही वर्षाला १८ हजारच होते. दीड लाखाच्या जादा कर्जावर बारा टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच तेवढे होते! त्याने केवळ इंधन वाचविण्यासाठी धावपतीची गाडी मोडीत काढून विजेची घेऊ नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ६० किलोमीटरवाल्याचे दीड लाख बारा टक्के व्याज धरून वसूल व्हायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या दूध-पाववाल्याचे तीन वर्षांच्या आसपास वसूल होतात. पण गंमत अशी की त्याला एका भारणात शंभर किलोमीटरची खात्री नाही. ज्याला लाभ सर्वाधिक त्यालाच दुपारी मधल्या वेळी भारणाची गरज. म्हणजे पुन्हा प्रश्न गोठ्याचाच.

पल्ल्याची भीती मात्र अनेकांनी उगाच वाढवून ठेवली आहे. देवनारहून दादर, मुलुंड किंवा वाशी येथे जाऊन परत येणे या गाड्यांना कठीण नाही. पाण्याची भीतीही अंशतः खरी आहे. बॅटरीची पेटी पाणी शिरणार नाही अशी बंदिस्त असते. पण २६ जुलै २००५चा अनुभव घेतलेल्या शहरात तुंबलेल्या पाण्यात गाडी न घालण्याचा नियम सर्वच वाहनांना लागू आहे. खरी अडचण दुरुस्तीची आहे. गोवंडीतल्या कोणत्याही गॅरेजमध्ये इंजिन उघडणारा मिस्त्री भेटतो. बॅटरी आणि नियंत्रक उघडू शकणारा क्वचित भेटतो. जुन्या छोट्या हाथीला पाच वर्षांनी काय भाव येईल, हे बाजारातला पोरगाही सांगेल. पाच वर्षे वापरलेल्या विजेच्या व्हॅनचा भाव अजून कोणी ठामपणे सांगू शकत नाही. कारागीर भित्रा नाही. ज्या वस्तूचा भाव ठाऊक नाही तिच्यावर घर गहाण टाकायला तो तयार नाही, एवढेच.

स्वच्छतेच्या दाव्यातही अतिशयोक्ती नको. व्हॅनमध्ये भरली जाणारी वीज कोठेतरी निर्माण होतेच, आणि मुंबईच्या विजेचा मोठा भाग अजूनही औष्णिक केंद्रांतून येतो. त्यांपैकी ट्रॉम्बेचे केंद्र तर देवनारचे शेजारीच आहे. तरीही एक फरक उरतो. केंद्राची चिमणी उंच असते आणि तिच्यावर नियंत्रण ठेवता येते. टेम्पोचा धूर मात्र शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. गल्लीतला धूर गल्लीतून हटविणे, हा लाभ लहान नाही.

स्वदेशीच्या दृष्टीनेही प्रश्नाला दोन बाजू आहेत. देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग आयात होतो, म्हणून विजेकडे वळणे राष्ट्रहिताचे आहे, हे खरे. पण बॅटरीतील लिथियम आणि विद्युतघट यांसाठी अजून परदेशाकडे, विशेषतः चीनकडे पाहावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा-चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणताच आपल्याकडील विजेवरील वाहनांच्या उत्पादकांची तारांबळ उडाली. जम्मूतील रियासी येथे २०२३ मध्ये लिथियमच्या साठ्याची घोषणा झाली, पण त्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत. विद्युतघटांच्या देशांतर्गत निर्मितीसाठी केंद्राने २०२१ मध्ये १८ हजार १०० कोटींची प्रोत्साहन योजना आखली, ती योग्य दिशेची आहे. तेलाची बेडी तोडताना घटांची बेडी पायात अडकणार नाही, ही दक्षता हवी.

मग शासनाने काहीच केले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ मध्ये केंद्राने बॅटरीवरील परिवहन वाहनांना परवान्यातून सूट दिली, हिरव्या पाटीची व्यवस्था केली आणि २०२१ मध्ये नोंदणीशुल्क माफ केले. महाराष्ट्राने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन धोरणे आणली. पण यातील काही सवलतींच्या चाळणीतून कारागीर खाली पडतो. ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या १० हजार ९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, तीनचाकी, बस, रुग्णवाहिका आणि मोठे ट्रक यांचा विचार झाला, लहान चारचाकी मालवाहू व्हॅनचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेवरील मोटारी व बस यांना पथकर माफ झाला. मालवाहू वाहनांना तो माफ झाला नाही. म्हणजे विजेच्या आलिशान मोटारीतून उलव्याची सदनिका पाहायला जाणारा गृहस्थ फुकट जाणार, आणि त्याच सदनिकेचे नळ बसवायला विजेच्या व्हॅनमधून जाणारा कारागीर पथकर भरणार! हेतू वाईट नसेल, परंतु क्रम उलटा आहे. सवलत गरजेच्या दिशेने वाहिली पाहिजे, ती ऐपतीच्या दिशेने वाहू लागली आहे.

इतरांच्या अनुभवातून शिकण्याजोगे बरेच आहे. लंडनने २०१९ मध्ये जुन्या प्रदूषक वाहनांवर रोजचे शुल्क बसविले आणि २०२३ मध्ये ते सर्व उपनगरांपर्यंत वाढविले. त्यावर व्हॅनवाल्या कारागिरांनीही संताप व्यक्त केला. जुनी गाडी मोडीत काढण्यासाठी त्यांना साहाय्य देण्याची योजना तेथील प्रशासनाला सोबत आणावी लागली. त्याहून जवळचे उदाहरण काठमांडूचे आहे. तेथे १९९०च्या दशकापासून विजेवरचे 'सफा टेम्पो' धावू लागले आणि १९९९ मध्ये डिझेलच्या तीनचाकींवर बंदी आली. या टेम्पोंच्या चालकांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. त्यांना घरी भारण-यंत्राची गरज नव्हती. चालकाने केंद्रावर जायचे, रिकामी बॅटरी ठेवायची, भरलेली घ्यायची आणि पुढच्या फेरीला निघायचे. एका गरीब शेजारी राष्ट्राने तीस वर्षांपूर्वी गोठ्याचा प्रश्न असा सोडविला होता.

देवनारमध्ये काय करता येईल, याचे उत्तर अवघड नाही. पहिली गोष्ट म्हणजे रात्रीचे सामुदायिक वाहनतळ. कारागिराच्या गाडीला महागडे जलद भारण-यंत्र नको. १५ अँपियरचा साधा खटका, स्वतंत्र मीटर, डोक्यावर पत्रा आणि एक राखणदार एवढे पुरे. लहान बॅटरी पाच-सहा तासांत, चालक झोपेत असतानाच भरते. महापालिकेने पूर्व उपनगरातील आपल्या जागांपैकी काही तुकडे यासाठी राखून ठेवले आणि माफक मासिक भाड्याने दिले, तर हा खर्च एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीहून अधिक असणार नाही. दुसरी गोष्ट 'बेस्ट'च्या आगारांची. शिवाजीनगर आगारातून विजेवरील बस चालतात. दिवसा बस रस्त्यावर असताना आगारांतील मोकळी भारण-क्षमता दुपारच्या दोन तासांसाठी मालवाहू गाड्यांना का देऊ नये? केंद्राच्या सप्टेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक केंद्रांना सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत वीज स्वस्त आणि इतर वेळी महाग पडावी अशी रचना आहे. सूर्याची वीज दिवसा मिळते म्हणून ही रचना योग्यच. पण मग दिवसा भारणाच्या जागा कामाच्या ठिकाणाजवळ हव्यात.

तिसरी गोष्ट कर्जाची. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा जयंतीच्या मुहूर्तावर सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. त्यात सुतार, लोहार, गवंडी आहेत. शहराचे आधुनिक कारागीर असलेले प्लंबर आणि वायरमन नाहीत. त्यांचा समावेश व्हावा आणि व्हॅन हेही हत्यारच आहे, असे मानले जावे. बारा टक्क्यांऐवजी पाच टक्के व्याज पडले तर ६० किलोमीटरवाल्याचे दीड लाख सहाऐवजी पाच वर्षांच्या आत वसूल होतात. चौथी गोष्ट अटल सेतूवरील विषमता दूर करण्याची. त्यासाठी समिती, अभ्यास, अहवाल यांपैकी कशाचीही गरज नाही. एक आदेश पुरतो. पाचवी गोष्ट औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून याच वस्त्यांतील तरुणांना बॅटरी-दुरुस्तीचे शिक्षण देण्याची. गाडी गल्लीतली आणि मिस्त्रीही गल्लीतलाच असला, की विश्वास आपोआप येतो.

परंतु सर्व काही शासनाने करावे आणि समाजाने केवळ टीका करावी, ही सवय सोडायला हवी. चेंबूर, घाटकोपर, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या हजारो सोसायट्यांत प्लंबर, सुतार आणि रंगारी दिवसभर कामाला असतात. त्यांची गाडी फाटकाबाहेर, बहुधा दंडाच्या पावतीची वाट पाहत उभी असते. सोसायटीच्या समितीने वाहनतळाच्या एका कोपऱ्यात स्वतंत्र मीटरसह एक खटका बसवून घेतला, आणि इमारतीत कामाला आलेल्या कारागिराला त्याने वापरलेल्या युनिटांचे पैसे घेऊन तेवढा वेळ गाडी जोडू दिली, तर सोसायटीला तोशीस काही नाही. कारागिराचा दुपारचा प्रश्न मात्र सुटतो. घरात गळणारा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला पाण्याचा पेला विचारणे ही आपल्याकडील रीत आहे. त्याच्या गाडीला विजेचा खटका विचारणे ही त्याच रीतीची पुढची पायरी मानता येईल. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला कोणत्याही धोरणाची वाट पाहावी लागत नाही. प्रभागातील कार्यकर्त्यांनी आपापल्या परिसरात कोठे असा कोपरा मिळू शकेल याची पाहणी केली, तरी पुष्कळ काम होईल.

नवे तंत्रज्ञान येते तेव्हा ते आधी ऐपतवानांच्या दारी जाते, हे जगाचे रहाट आहे. पण शहराची हवा ऐपतवानांच्या मोटारींनी नव्हे, तर दिवसभर फिरणाऱ्या कामाच्या गाड्यांनी सुधारते किंवा बिघडते. मोटार दिवसातले बहुतेक तास उभी असते, कारागिराची व्हॅन धावत असते. म्हणून एका कामाच्या गाडीला दिलेला खटका दहा शोभेच्या गाड्यांना दिलेल्या सवलतीहून अधिक मोलाचा आहे. विजेची व्हॅन व्यवहार्य आहे काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, ज्याला रात्रीची जागा आहे आणि ज्याचा रोजचा फेरा मोठा आहे त्याच्यासाठी ती आजच व्यवहार्य आहे. इतरांसाठी ती व्यवहार्य करणे हे शहराच्या हाती आहे. टॅक्सीवाल्याला पंचवीस वर्षांपूर्वी रांगेत उभे केले, तसे आता देवनारच्या वायरमनला करायचे नसेल, तर आदेशाच्या आधी गोठा बांधला पाहिजे.